एकच ‘ऐतिहासिक’, इंग्रजीत मात्र दोन

या महिन्याच्या पत्रांतून दोन निवडली आहेत. दोन्ही पुण्यातलीच, एक सिंहगड रस्त्यावरून आलेलं आणि दुसरं कसबा पेठेतून. दोघांची अडचण सारखी आहे. मराठीत जिथं एका शब्दात भागतं, तिथं इंग्रजी दोन शब्द पुढं करते आणि निवड आपल्यावर सोडते. पहिल्याला थोडक्यात उत्तर देते, दुसऱ्यासाठी जागा जास्त लागेल.

प्रश्न : मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यावर माझ्या मुलीला शाळेत इंग्रजीतून दहा ओळी लिहायच्या होत्या. तिनं ‘क्लासिक लँग्वेज’ असं लिहिलं. बाईंनी ते खोडून ‘क्लासिकल’ केलं. अभिजात म्हणजे क्लासिक असंच आम्ही समजत होतो. मग चुकलं काय?
– एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : बाईंची दुरुस्ती योग्य आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीबरोबर पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांना जो दर्जा दिला, त्याचं इंग्रजी नावच ‘क्लासिकल लँग्वेज’ आहे. ‘क्लासिकल’ हा शब्द परंपरा सांगतो, प्रकार सांगतो. ‘क्लासिक’ हा पसंतीचा शब्द आहे. आपल्या प्रकारातला अव्वल नमुना, वर्षं उलटली तरी न उतरलेला, असं त्यातून म्हणायचं असतं.

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जात असाल तर तिथलंच उदाहरण घ्या. त्या मंचावर जे गायलं-वाजवलं जातं, ते क्लासिकल म्युझिक. त्यातली एखादी मैफल अशी होते की तिच्याबद्दल लोक तीस वर्षांनीही बोलत राहतात. तिला क्लासिक म्हणावं. एखाद्या दिवशी यमन रंगला नाही तरी तो क्लासिकलच राहतो, क्लासिक होत नाही. उलट एखादं भावगीत क्लासिक ठरतं, पण त्याला क्लासिकल म्हणता येणार नाही. आपला ‘अभिजात’ हा शब्द या दोन्ही ठिकाणी चालतो, म्हणून तुमच्या मुलीचा घोटाळा झाला. तिनं तो शब्द कोशात बघून लिहिला असणार, आणि मला त्याचं कौतुक वाटतं.

प्रश्न : कसबा पेठेत आमचा सामाईक वाडा आहे. दिंडी दरवाजाच्या पट्टीवर शके १८४१ कोरलेलं आहे. हल्ली रविवारी सकाळी वारसा फेरीची मंडळी गल्लीतून जातात, थांबतात, फोटो काढतात. त्यांच्यात परप्रांतीय आणि परदेशी पाहुणेही असतात, म्हणून आम्ही दाराशी मराठी-इंग्रजी पाटी लावायचं ठरवलं. मराठी मजकूर ‘ऐतिहासिक वाडा’ असा झाला. इंग्रजीत मी ‘हिस्टॉरिक’ लिहिलं, माझ्या भाच्यानं ‘हिस्टॉरिकल’ केलं. तो म्हणतो, ‘हिस्टॉरिक’ हे ‘हिस्टॉरिकल’चंच छोटं रूप आहे. शब्दकोशात दोन्हींपुढे ‘ऐतिहासिक’ एवढंच आहे. पाटी रंगवणारा बुधवारी येणार आहे. काय करावं?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : सगळ्यात आधी, बुधवारी येणाऱ्याला पुढच्या आठवड्यात बोलवा. पाटी वीस वर्षं राहते.

तुमच्या भाच्याचं म्हणणं तीनशे वर्षांपूर्वी खरं ठरलं असतं. अठराव्या शतकापर्यंत इंग्रज लेखक हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरत. पुढं त्यांची हळूहळू वाटणी झाली, आणि ती आता पक्की आहे. जे इतिहासात आपली जागा करून बसलं, ज्यानं पुढचं काही बदललं, ते हिस्टॉरिक. जे होऊन गेलेल्या काळातलं आहे, किंवा त्या काळाच्या अभ्यासाशी ज्याचा संबंध आहे, ते हिस्टॉरिकल. पहिल्या शब्दात महत्त्वाचा निवाडा आहे. दुसऱ्यात तो नाही, फक्त नातं सांगितलं आहे.

तुमच्या वाड्यापासून चालत दहा-बारा मिनिटांवरचं उदाहरण घेऊ. १ जानेवारी १८४८ रोजी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. ती घटना हिस्टॉरिक. त्या शाळेबद्दलचा तेव्हाचा पत्रव्यवहार, अहवाल, मुलींच्या संख्येच्या नोंदी हे सगळं हिस्टॉरिकल रेकॉर्ड. मोडकळीला आलेली ती इमारत २०२३च्या डिसेंबरात पाडली गेली. तरीही ती जागा हिस्टॉरिकच आहे, कारण तो शब्द विटा-लाकडाला लागलेला नव्हता, तिथं जे घडलं त्याला लागलेला होता.

कादंबऱ्यांवर ही गोष्ट फार छान उलगडते. वर्गात मी नेहमी हेच उदाहरण द्यायची. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली आली. ती शिवकालावरची, म्हणून हिस्टॉरिकल नॉव्हेल. मराठीतली त्या प्रकारची ती पहिली मानली जाते, म्हणून ती हिस्टॉरिकही झाली. तिच्याआधी १८५७मध्ये बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं होतं. मराठी कादंबरीची सुरुवात तिथून मोजतात, तेव्हा ते पुस्तक निःसंशय हिस्टॉरिक. पण त्यात विधवांची दुःखं आहेत, आणि ती लेखकाच्या स्वतःच्या काळातली. म्हणून ते हिस्टॉरिकल नॉव्हेल नव्हे. आणि आज कुणी पेशवाईवर एक साधारण कादंबरी लिहिली, चार महिन्यांत ती विसरली गेली, तर ती हिस्टॉरिकल असते, हिस्टॉरिक नाही. मराठीत या तिन्हींना आपण ‘ऐतिहासिक’च म्हणू, आणि ऐकणारा संदर्भावरून समजून घेईल. इंग्रजी वाचणारा समजून घ्यायला थांबत नाही. तुम्ही लिहिलं तेच त्याला दिसतं.

‘हिस्टॉरिकल’ची आणखी एक छटा आहे, ती आपल्या नाटकवाल्यांना न सांगता कळते. पौराणिक नाटक, ऐतिहासिक नाटक, सामाजिक नाटक अशी आपली जुनी विभागणी. यातलं ‘ऐतिहासिक’ म्हणजे कथा-पुराणातलं नव्हे, खरोखर होऊन गेलेल्या माणसांचं. इंग्रजीत ‘हिस्टॉरिकल’ नेमका असाही वापरतात. राजा आर्थर हिस्टॉरिकल होता का, असं तिकडचे अभ्यासक विचारतात, तेव्हा तो थोर होता का असा प्रश्न नसतो. असा माणूस खरंच होता का, एवढंच त्यांना हवं असतं. पेशवे दप्तरातल्या एखाद्या मोडी कागदावर ज्याची सही आहे, पण ज्याच्याबद्दल पुढं-मागं काही माहीत नाही, असा कारकून हिस्टॉरिकल व्यक्ती आहे. त्याला हिस्टॉरिक कुणी म्हणणार नाही. शिवाजी महाराज दोन्ही आहेत.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण या फरकातून एक गैरसमज होतो आणि तो मला खुपतो. हिस्टॉरिक वरच्या पायरीवरचा आणि हिस्टॉरिकल खालच्या, असं मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. म्हणून पाटीवर, पत्रिकेवर, भाषणात प्रत्येकाला पहिलाच शब्द हवा असतो.

माझ्याकडे आईची एक हिशेबाची वही आहे. १९६१ सालची. आमचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत तळमजल्यावर होतं, मी नऊ वर्षांची होते. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आईनं आम्हा भावंडांना वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नेलं आणि जाताना एका गाठोड्यात जे बांधलं त्यात ही वही होती. ११ जुलैपर्यंत तिच्या नेहमीच्या ओळी आहेत. दूध, भाजी, माझी पाटी-पेन्सिल. मग १२ ते १७ जुलैची पानं कोरी. १८ तारखेला पुन्हा अक्षर सुरू होतं, पण वस्तू बदललेल्या. घासलेट. मेणबत्त्या. फिनेल. दोन पातेली. खराटा. ‘गाळ काढणाऱ्यास’ अशी एक ओळ तीन दिवस सलग आहे. कुठंही ‘पूर’ हा शब्द नाही.

पानशेतचा पूर हा हिस्टॉरिक फ्लड. शहराचा नकाशाच त्यानं बदलला, पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, पुण्यातल्या माणसांच्या बोलण्यात ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ असा काळ पडला. (हिस्टॉरिक म्हणजे चांगलंच असं नसतं, हेही यावरून लक्षात येईल. शेअर बाजाराचा नीचांकही हिस्टॉरिक असतो.) आईची वही मात्र हिस्टॉरिकल डॉक्युमेंट. तिनं काहीच घडवलं नाही. पण त्या आठवड्यात एका घराला आधी काय विकत घ्यावं लागलं, हे तिच्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठं सापडलेलं नाही. या शब्दाला मी कमी कसं म्हणू?

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, त्यांचे बावीस खंड झाले. १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ज्या कागदांसाठी ही माणसं गावोगाव हिंडली, त्यातले बहुतेक कागद हिस्टॉरिकलच होते. पत्रं, वतनाचे निवाडे, जमाखर्च. असे हजार कागद एकत्र वाचल्यावर कुठली घटना हिस्टॉरिक होती ते ठरवता येतं.

शिवाजीनगरला सिमला ऑफिसचा चौक आहे, तुम्हाला माहीत असेल. १९२८मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून लोकांनी त्या कचेरीला ते नाव दिलं. तिथली रोजच्या पावसाची नोंद म्हणजे हिस्टॉरिकल डेटा. एखाद्या दिवशी पाऊस सगळे जुने आकडे मागं टाकतो, तेव्हा वर्तमानपत्रं हिस्टॉरिक रेन्फॉल लिहितात. आणि तो हिस्टॉरिक होता हे सांगायला आधीची वर्षानुवर्षांची हिस्टॉरिकल नोंद हाताशी असावी लागते.

उलटी चूकही होते, आणि तिचा मला स्वतःला अनुभव आहे. मी जिथं शिकवत होते तिथं एका मोठ्या वर्धापनदिनाची इंग्रजी पत्रिका छापायची होती. मजकुरात ‘ऑन धिस हिस्टॉरिकल डे’ असं आलं होतं. म्हणायचं होतं की आजचा दिवस संस्थेच्या आयुष्यात मोलाचा आहे. छापलं गेलं त्याचा अर्थ ‘या जुन्या काळातल्या दिवशी’ असा काहीसा होत होता. मी कच्चा खर्डा घेऊन गेले, एक अक्षरजोडी काढायची आहे म्हणून सांगितलं. ‘एवढं कोण बघतं’ असं उत्तर मिळालं आणि पत्रिका तशीच गेली. एकतीस वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं, त्यात हे उत्तर मला सगळ्यात जास्त लागलं. वर्गात मुलांचा अर्धा गुण आम्ही याच चुकीसाठी कापत होतो. मुलांनी ती पत्रिका घरी नेली आणि वाचली.

आता तुमच्या पाटीकडे वळते, कारण इथं नियम थोडा वाकतो. इमारतींच्या बाबतीत इंग्रजीत ‘हिस्टॉरिक’ जास्त मोकळेपणानं वापरतात. वारसा जतनाच्या क्षेत्रात तो जवळपास पारिभाषिक शब्द झाला आहे. इंग्लंडमधल्या जुन्या वास्तूंची काळजी घेणाऱ्या सरकारी संस्थेचं नाव ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ आहे. अमेरिकेत १९६६च्या कायद्यानं जी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, तिच्या नावात ‘हिस्टॉरिक प्लेसेस’ आहे. त्यातल्या प्रत्येक घरात लढाई झाली नाही किंवा तह झाला नाही. बांधणी, वय, परिसराशी नातं यांमुळे ती जपण्याजोगी ठरली, एवढ्यावर तो शब्द त्यांना मिळाला. त्या अर्थानं तुम्ही ‘हिस्टॉरिक वाडा’ लिहिलंत तर कुणी चूक काढणार नाही. ‘हिस्टॉरिकल वाडा’ही चूक नव्हे, पण वाचणाऱ्याला तो किंचित अवघडल्यासारखा वाटेल. तेव्हा दोघांतच निवडायचं तर तुमचा शब्द राहू द्या.

पण माझं मत विचाराल तर दोन्ही काढा. शनिवारवाड्याला हे विशेषण शोभतं. १७३०च्या जानेवारीत त्याचा पाया घातला गेला, पुढं मराठी राज्याचा कारभार तिथून चालला, १८२८च्या आगीत आतली वास्तू जळाली, आणि पाहुणा तिथून नुकताच आलेला असतो. तुमच्या दाराशी येऊन त्यानं पुन्हा ‘हिस्टॉरिक’ वाचलं तर त्याला नवं काय कळलं? त्याला कळायला हवं की पट्टीवरचं शके १८४१ म्हणजे इसवी सन १९१९-२० (शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, वर्षअखेरीच्या महिन्यांत एकोणऐंशी). त्याला कळायला हवं की खांब सागवानी आहेत का, वाडा किती चौकी आहे, किती खणी आहे, ओसरीवर कोण बसायचं, विहीर अजून आहे का, किती बिऱ्हाडं नांदली. ‘खण’ आणि ‘चौक’ हे शब्द तसेच ठेवा, पुढं एका ओळीत समजावून सांगा. मी लिहिलं असतं ते असं : ‘अ रेसिडेन्शिअल वाडा, बिल्ट इन १९१९-२०.’ आणि खाली चार ओळी तपशील.

आणि मराठी बाजूलाही माझं तेच म्हणणं आहे. ‘ऐतिहासिक वाडा’च्या ऐवजी ‘शके १८४१मधला वाडा’ लिहा. आपल्याकडे ‘ऐतिहासिक’ हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की सकाळी झालेल्या सभेला दुपारी तो लागतो. वेगळेपणानं सांगायचंच असेल तर मराठी गरीब नाही. इतिहासप्रसिद्ध, इतिहासकालीन, इतिहासविषयक, युगप्रवर्तक, किंवा सरळ ‘इतिहास घडवणारा’. शब्द आहेत, आपण हात लांब करत नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी आणखी दोन बारीक गोष्टी विचारल्या आहेत. एक, आधी ‘अ’ लावायचा की ‘अ‍ॅन’. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘अ‍ॅन हिस्टॉरिक’ दिसतं. या शब्दात जोर दुसऱ्या अवयवावर, ‘टॉ’वर पडतो, त्यामुळं सुरुवातीचा ‘ह’ क्षीण होऊन काहींच्या उच्चारात ऐकूच येत नसे. आपण ‘ह’ स्वच्छ म्हणतो, तेव्हा ‘अ हिस्टॉरिक’ लिहावं. ‘हिस्टरी’मध्ये जोर पहिल्याच अवयवावर आहे, तिथं ‘अ’च.

दोन, क्रियाविशेषण. इथं इंग्रजीनंही वाटणी केलेली नाही. दोन्हींचं मिळून एकच, ‘हिस्टॉरिकली’. इतिहासाआधीच्या काळाला मात्र ‘प्रीहिस्टॉरिक’ म्हणतात, तिथं ‘कल’ सहसा लावत नाहीत. हिशेबनिसांच्या ‘हिस्टॉरिकल कॉस्ट’ला, म्हणजे वस्तू घेतली तेव्हाच्या किमतीला, ‘कल’ लागतं. हे पाठ करण्यापेक्षा वाचताना खूण करून ठेवा.

तुमच्या भाच्याला एक सांगा. त्यानं मामांचं खोडून लिहिलं आणि मग दोघांनी मिळून विचारलं, हे मला फार आवडलं. त्याच्याकडे आता एक काम द्या. वाडा बांधणाऱ्या सुताराचं किंवा गवंड्याचं नाव घरातल्या जुन्या कागदांत, एखाद्या जमाखर्चात सापडतं का, ते त्यानं बघावं. कागद मोडीत असले तर मोडी वाचणारी माणसं पुण्यात मिळतात, मंडळात चौकशी करावी. नाव मिळालं तर पाटीवर ते आलंच पाहिजे. इंग्रजी मजकूर तयार झाला की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, रंगवायला देण्याआधी मी तो वाचून परत पाठवीन.